चादरीखालचे सर

सर माझ्या खानावळीतले बाक हलवायचे. इथूनच सुरू करते, कारण माझी त्यांची ओळख भांडणानं झाली.

सकाळी झाडलोट करून, बाक सरळ लावून मी आत आमटीला फोडणी द्यायला जावं आणि बाहेर येऊन बघावं तर सगळे बाक वाकडे. एकाचं तोंड भिंतीकडे, दोन एकमेकांना चिकटलेले, एक थेट दारात. मी म्हटलं, "अहो सर, ही खानावळ आहे, तुमचं नाटक नाही." ते कोपऱ्यात उभे, हातात छत्री. ऊन असो, थंडी असो, छत्री हातात असायचीच. पावसात मात्र ती हमखास खोलीवर राहायची. म्हणाले, "मावशी, एक दिवस राहू द्या. कोण कुठे बसतं ते बघू."

माझ्याकडे एक शिंपी आणि एक औषधाच्या दुकानातले गृहस्थ जेवायला यायचे. दोघांचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं, कशावरून ते त्यांनाही आठवत नसावं. एक या टोकाला बसायचा, एक त्या टोकाला. त्या दिवशी बाक असे लागले होते की समोरासमोर बसल्याशिवाय सुटका नाही. मिठाची वाटी औषधवाल्याच्या हाताशी, पाण्याचा जग शिंप्याच्या हाताशी. मी आतून बघतेय. शिंपी अळणी जेवला पण मीठ मागितलं नाही. औषधवाला कोरडे घास गिळत राहिला. शेवटी त्याला असा ठसका लागला की शिंप्यानं जग पुढे ढकलला. "घे बाबा. मेलास तर माझ्यावर येईल."

झालं, बोलणं सुरू झालं. आणि पुढच्या आठवड्यात दोघं असे कडाडून भांडले की मला मध्ये पडावं लागलं. मी सरांना म्हटलं, "बघा तुमची करणी." तर म्हणाले, "गप्प होते त्यापेक्षा बरं. आता निदान ऐकू तरी येतं."

असे सर. जव्हारच्या कॉलेजात नाटकाचा एक वर्षाचा वर्ग होता, तिथे शिकवायचे. माझ्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. सामान म्हणाल तर एक लोखंडी ट्रंक, दोन पांढऱ्या चादरी आणि एक स्टोव्ह, तोही कधी पेटला नाही. ट्रंकेत सगळी नाटकं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं माझं वाचन साखर-शेंगदाण्याच्या पुड्यांवर झालं, आणि त्याच्यापुढचं सरांच्या ट्रंकेवर. वाचून परत दिलं की ते "कसं वाटलं?" असं कधी विचारायचे नाहीत. विचारायचे, "कुठे गेला होतात?"

त्यांच्या घरच्यांचं काही कळलं नाही. एकदा दिवाळीत मी विचारलं, "फराळाला गावी नाही जात? कोणी असेल ना?" आमटीची दुसरी वाटी पुढे करत म्हणाले, "कोणी नाही." आज आमटीत मीठ कमी आहे, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात. मी पुन्हा विचारलं नाही. वाटी भरली.

सर नाटक शिकवायचे म्हणजे खरं तर निवडायला शिकवायचे. वर्षाच्या शेवटी प्रत्येक पोरानं एक नाटक निवडायचं, आपल्याच वर्गातल्या पोरांना घेऊन ते बसवायचं, आणि त्यातला अर्धा तास बाहेरून आलेल्या परीक्षकांना दाखवायचा. त्याला ती पोरं प्रोजेक्ट म्हणायची. दुसरीकडे म्हणे आठवड्यात नाटक ठरतं आणि तालमी सुरू होतात. सरांकडे भाताची लावणी सुरू झाली की निवडायला बसायचं ते कापणी आली तरी निवडणं चालूच. पोरं रडकुंडीला यायची. वर्गात नाहीच, माझ्या खानावळीत हे चालायचं, दुपारची गर्दी ओसरली की. एकेकानं यायचं, पुस्तक मिटून ठेवायचं आणि नाटक तोंडानं सांगायचं.

"सर, मला हे नाटक फार आवडलं," असं कोणी म्हटलं की संपलं. "आवडतात ती भजी. मावशी, याला भजी द्या." पोरगं बिचारं भजी खाऊन परत जायचं. मला काय, माझी भजी खपायची.

आणि सगळं सांगून झालं की त्यांचा एकच प्रश्न असायचा. "यात पाणी कोण भरतं?"

राजाचं नाटक असो, वकिलाच्या बंगल्यातलं असो, प्रश्न तोच. पोरं आधी हसायची. एक म्हणाला, "सर, दरबार आहे. तलवारी आहेत. पाणी कुठून आलं?" सर म्हणाले, "दरबारात माणसं आहेत ना? मग पितात. मग कोणीतरी आणतं. ती बाई कुठल्या दारानं येते? तिनं काय काय ऐकलंय? ते तुला माहीत नसेल तर तू दरबारात गेलाच नाहीस, बाहेरूनच बघून आलास." आमच्याकडच्या पोरींना हे लवकर कळायचं. होळी झाली की वाड्यापाड्यांतल्या विहिरी तळाला जातात, मग हंडा घेऊन कोण जातं आणि कोण बसून राहतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. पोरांना वेळ लागायचा.

एक वर्ष कॉलेजातल्या कोणीतरी सरांना सुचवलं, वावरकडचा एक विद्यार्थी आहे तुमच्याकडे, त्याला त्याच्याकडच्याच पोरांच्या मरणाचं नाटक द्या, बाहेर फार नाव होईल. मागे वावरकडे लहान पोरं उपासमारीनं गेली, ते तुम्हीही ऐकलं असेल. सरांनी त्या पोराला माझ्यासमोर विचारलं, "करायचंय का तुला?" तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "सर, मला लग्नाचं नाटक करायचंय. खूप माणसं जेवतात असं." सरांनी त्याला पाणी कोण भरतं ते विचारलं नाही. त्या पोराचं नाटक एका दिवसात ठरलं, सरांच्या कारकिर्दीत तेवढं एकच. त्याच्या जेवणावळीला भांडी माझीच गेली होती.

आता जयवंतीचं सांगते, कारण सर म्हटलं की मला ती आठवते आणि ती आठवली की सर.

जयवंती दाभोशाची. नदीच्या अंगाला त्यांचं घर, थोडी भातशेती, बाकी मजुरी. जीपनं यायची, जीप चुकली तर चालत. बोलायला कमी, पण डोळे असे की बाक कुठे हलला ते न सांगता तिला कळायचं. सर म्हणायचे, "ही बसवील." म्हणजे नाटक बसवील. शहरातल्या मोठ्या नाटकाच्या शाळेत तिनं जावं असं त्यांच्या मनात होतं. तिथे फी माफ होती, राहायची सोय होती. फक्त इथलं वर्ष चांगलं पास व्हायला हवं, आणि त्यात सगळं वजन त्या प्रोजेक्टचं. तिच्या बाबानं मात्र सांगून टाकलं होतं, "एक वर्ष दिलंय. नापास झालीस तर आमच्याबरोबर वीटभट्टीला. पुन्हा कालेजाचं नाव नाय."

सर दाभोशाला त्यांच्या घरी गेले. मीही गेले होते, जीपमध्ये पुढे बसायला मिळतं म्हणून. मला वाटलं आता समजावतील, भाषण करतील. छे! हे उंबऱ्याशी बसले आणि सकाळपासून दुपारपर्यंत घरात कोण येतं, कोण जातं, तेवढंच बघत राहिले. जयवंतीच्या आजीनं नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. सरांनी चटणी दोनदा मागून घेतली. आजी मला हळूच म्हणाली, "बाय, हा मास्तर मुका आहे का?"

निघताना सर बाबाला म्हणाले, "तिला एक नाटक निवडू द्या."

"निवडायला किती दिस लागतात? मी बाजारात बैल निवडतो तर एक सकाळ लागते."

"बैल तुमच्याकडे किती वर्षं राहतो?"

बाबा जरा हसला. "चांगला निघाला तर लय वर्षं."

"नाटक त्याच्यापेक्षा जास्त राहतं," सर म्हणाले. "दात बघायला वेळ द्या."

तर जयवंती दात बघत बसली. तिनं पहिलं आणलं ते राजाचं, दुसरं शहरातल्या एका कुटुंबाचं. त्यात सगळे गॅलरीत उभं राहून बोलतात. पाणी कोण भरतं, तर नळाला येतं. सर म्हणाले, "आणि नळ गेला की?" ती पुस्तक घेऊन उठली. भात पिवळा पडायला लागला. बाकीच्यांची ठरत आली. आणि एका दुपारी ती ट्रंकेतलं एक जुनं, पाठीचा कागद निघालेलं पुस्तक घेऊन आली आणि सांगायला लागली.

एका घरातला म्हातारा पहाटे जातो. थोरला मुलगा लांब नोकरीला, त्याला निरोप गेलाय. म्हातारी सगळ्यांना बजावते, थोरला येईपर्यंत कोणी रडायचं नाही. मग दिवसभर मढं मध्ये, आणि भोवती घरची माणसं. रडायचं नाही म्हणून भांडतात. खोली कोणाला, पंखा कोणाला, पोरांना भूक लागली तर शेजाऱ्यांकडे पाठवायचं की नाही. संध्याकाळी थोरला येतो. म्हातारी म्हणते, आता रडा. आणि कोणालाच रडू येत नाही. संपलं.

मी भांडी विसळत होते. सरांनी विचारलंच, "यात पाणी कोण भरतं?"

जयवंती म्हणाली, "धाकटी सून. पण आज भरत नाय. घरात मढं आहे ना सर, भरलेलं होतं तेपण ओतून द्यायचं. पुस्तकात तसं लिहिलं नाय. पण मी बघितलं. आजोबा गेले तेव्हा काका वसईला कामावर होता, त्याची वाट बघत ठेवलेले. सगळ्यांना तहान लागलेली आणि कोणी पाणी मागत नव्हतं."

सर उठले. मग छत्री उचलली आणि म्हणाले, "हेच."

नाटक ठरलं. आणि दुसऱ्याच दिवशी पंचाईत आली, जी दुसऱ्या कुठल्या कॉलेजात आली नसती. मढं व्हायला कोणी तयार होईना.

म्हातारी व्हायला पोरगी तयार, थोरला तयार, भांडणारे तर हौशीनं तयार. पण चादरीखाली निजायचं म्हटलं की एकेक मागे. "माझी आई जिवंत आहे सर." "सर, दक्षिणेकडे पाय करून मी नाय निजणार, घरी कळलं तर बाबा घरात घेणार नाय." पोरांना हसू नका. जिवंत माणसाला पांढरं पांघरून, पायाचे अंगठे बांधून ठेवायचं म्हणजे मरणाला वाट दाखवायची, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. त्यांनी लोड ठेवून बघितला. तर भांडणारे फसाफस हसायला लागले. गवताचा भारा गुंडाळून बघितला, तर एकाला शिंका.

चौथ्या की पाचव्या तालमीला सर उठले, आपली चादर घेऊन आले, आणि मधोमध आडवे झाले. "चला."

ते मढं म्हणून फार बेकार होते. चादरीखालून सूचना द्यायचे. "जयवंती, तुझी सून उशिरा आली." "अरे, पंखा म्हणताना वर बघ, पंखा वर असतो." पोरं दचकायची. जयवंतीनं शेवटी सांगितलं, "सर, तुम्ही मेलाय. मेलेला माणूस शिकवत नाय." तेव्हापासून गप्प पडून राहायला लागले. मला खानावळीत येऊन म्हणाले, "मावशी, आयुष्यात पहिल्यांदा नाटक नीट ऐकू आलं."

पण नियम होता. प्रोजेक्टमध्ये कामं विद्यार्थ्यांनीच करायची. मास्तर उभा राहिला तर परीक्षक नाटक बघायलाच नकार देऊ शकतात. कॉलेजातून सरांना तसं बजावलंही. जयवंतीला रात्रंदिवस तोच घोर. मी म्हटलं, "सर, पोरीचं वर्ष आहे हे. कळलं तर?" ते म्हणाले, "चादरीखाली कोण आहे ते कोण बघतंय? परीक्षक निघून जाईपर्यंत मी उठणार नाही. जेवणही तिथेच पाठवा." हसले, पण मला हसू आलं नाही.

प्रयोग ठेवला तो नेमका बाजाराचा दिवस. त्यामुळे दाभोशाच्या बायका बाजार आटोपून, टोपल्या-पिशव्या घेऊन हॉलमध्ये आल्या. जयवंतीची आजी पहिल्या रांगेच्या पुढे, खाली जमिनीवरच बसली. खुर्चीवरून नीट दिसत नाही म्हणाली. बाबा मागे भिंतीला टेकून उभा. परीक्षक म्हणून शहरातून एक मॅडम आल्या होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी हात पुसत मागून शिरले.

नाटक सुरू झालं. मध्ये मढं. जयवंतीनं अंगठे खरोखरच दोऱ्यानं बांधले होते, पावलं चादरीबाहेर. भोवती भांडण रंगलं. मॅडमचं पेन चालू होतं, चेहरा बरा दिसत होता. मी म्हटलं, निभलं.

आणि आजी चुळबुळ करायला लागली. शेजारणीला म्हणाली, पण हॉलभर ऐकू गेलं, "अगं, मढं कवाचं पडलंय, एकपण बाई रडत नाय! ही कसली माणसं?" शेजारीण म्हणाली, "म्हातारीनं सांगितलंय रडू नका." आजी म्हणाली, "सांगील! असं मुकं ठेवतात का माणसाला?" मग ती जरा पुढे सरकली. आणि तिला पावलं दिसली. सरांच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं, कधी तरी बाक पडला होता त्यावर, माझाच. सर तिच्या उंबऱ्याशी सकाळभर चपला काढून बसले होते. आजीनं ते नख बघितलं, आणि तिच्या तोंडून आवाज निघाला.

तो आवाज लिहिता येत नाही. आमच्याकडे बायका मेलेल्या माणसाशी बोलत रडतात, सूर लावून. आजी रडायला लागली, "अरे माझ्या मास्तरा, तुला बाय नाय, तुला पोर नाय, तुला कोण रडंल रे... माझ्या दारी बसलास, चटणी मागून खाल्लीस, पोटभर वाढली नाय रे मी..." तिला ठाऊक होतं का सर जिवंत आहेत ते? मला वाटतं ठाऊक होतं. पण मढं पडलंय आणि कोणी रडत नाही, हे तिला सोसवेना. एकीनं सूर लावला की दुसरीनं धरायचा, ही रीत. दाभोशाच्या सगळ्या बायका लागल्या. आणि खरं सांगते, मीही लागले. मागे उभी होते ती पुढे कधी गेले कळलं नाही. "सर, माझे बाक आता कोण हलवील हो..." असं काहीतरी मी म्हणत होते, आणि डोळ्यांतून धारा.

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी मागे वळून हात केला, ह्यांना आवरा म्हणून. शिपाई उठला, बायकांना बाहेर काढायला आला. तेवढ्यात आडोशाची जयवंती सरळ स्टेजवर आली. दिग्दर्शकानं प्रयोगात दिसायचं नसतं, ती दिसली. तिनं शिपायाकडे तळहात केला. थांब. मग आपल्या भांडणाऱ्या पोरांना खुणावलं, बसा. ती सगळी मढ्याभोवती गप्प बसली, आणि तीही बसली. चादर तेवढी वरखाली होत होती. मढ्यानं श्वास घेऊ नये, पण सर रडत होते की काय, मला कळलं नाही.

रडणं आपलं आपण ओसरलं, जसं ओसरतं तसं. आजीनं पदरानं नाक पुसलं. जयवंती उठून आडोशाला गेली आणि नाटक पुढे सुरू झालं. थोरला आला. म्हातारी म्हणाली, "आता रडा."

कोणाच्याच डोळ्यांत काही उरलं नव्हतं. स्टेजवरच्यांच्या नाही, खालच्यांच्या नाही.

मॅडम उठल्या. आवाज कडक. "सगळ्या कलाकारांनी पुढे या." सगळे आले, रांगेत उभे राहिले. मॅडमनी चादरीकडे बोट केलं. "आणि ते?"

चादर हलली. सर उठणार, तेवढ्यात आजी ओरडली, "उठू नको! तुला रडून झालंय!"

हे कुठल्या पोथीत आहे मला माहीत नाही. आजी म्हणाली, ज्याला रडून झालं तो माणूस तसाच उठून घरात फिरू शकत नाही. त्याला पायांकडून बाहेर न्यायचं, अंगावर पाणी घालायचं, मग तो नवा. नाहीतर रडलेलं खरं ठरतं. तिनं हे तिच्या आजीकडून ऐकलं की तिथेच काढलं, कोण विचारणार? बायका माना हलवत होत्या.

मॅडम जयवंतीला म्हणाल्या, "नाटक संपलं ना?"

मला पोरीचा चेहरा अजून दिसतो. मागे बाप उभा, पुढे मॅडम. चादर निघाली की मास्तर दिसणार, आणि मास्तर दिसला की वर्ष गेलं. 'संपलं' म्हणून हॉल रिकामा केला असता तर निभलं असतं. तिनं आजीकडे बघितलं आणि म्हणाली, "नाय मॅडम. अजून पाणी घालायचंय."

पोरांनी सरांना चादरीसकट उचललं, पाय पुढे करून बाहेर पायरीवर नेलं. आजीनं कॉलेजच्या नळावरून कळशी भरून आणली आणि सरांच्या डोक्यावर ओतली. थंडीचे दिवस. सर शहारले, चादर बाजूला पडली, आणि अंगठे बांधलेले तसेच ते उन्हात बसले, केस कपाळाला चिकटलेले. लहान पोरासारखे दिसत होते.

मॅडमनी चष्मा काढला. "हे कोण?"

आजी म्हणाली, "हा? माझा पोरगा. आत्ताच झाला."

मॅडम जयवंतीकडे वळल्या. "हे सगळं तू ठरवलं होतंस?"

"नाय मॅडम. चूक झाली," ती म्हणाली. "मी मढं निवडलं. रडणारे निवडायचे राहिले. ते आपले आपण आले."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग सरांना म्हणाल्या, "तुमच्याविषयी मला लिहावं लागेल." सर म्हणाले, "लिहा. तिला मात्र सोडा." मॅडमनी दोन्ही केलं. जयवंती पास झाली, चांगली पास झाली. आणि सरांना पुढल्या वर्षी कॉलेजनं बोलावलं नाही. तो वर्गच बंद पडला. सरांनी हे जयवंतीला कधी कळू दिलं नाही, मलाही शपथ घातली. ती शहरात गेली त्या दिवशी बाबानं तिची पिशवी स्वतः एसटीत चढवली.

सर त्यानंतरही इथेच राहिले. शिकवायला कोणी नव्हतं. महिन्यातून एकदा जीपनं दाभोशाला जायचे, उंबऱ्याशी बसायचे, जेवून यायचे. येताना पिशवीत सुकटीची चटणी. मी म्हणायचे, "माझ्या हातची आवडेनाशी झाली वाटतं?" तर म्हणायचे, "घरची आहे हो मावशी."

मागच्या पावसाळ्यात छातीत कफ झाला म्हणून नाशिकला नेलं, ते परत आले नाहीत. मी दाभोशाला निरोप द्यायला गेले. आजीनं उठून घरातलं भरलेलं पाणी ओतून दिलं. जयवंतीच्या बाबानं दुसऱ्या दिवशी डोक्याचे केस उतरवले, आणि घरानं सुतक धरलं, रीतसर, भाऊबंदांसकट.

त्याच आठवड्यात तिकडे शहरात जयवंतीच्या पहिल्या मोठ्या नाटकाचा प्रयोग होता. हे मला तिनं नाही सांगितलं, तिच्या खोलीतल्या पोरीनं फोनवर सांगितलं. प्रयोगाआधी रंगमंचाची पूजा असते, नारळ दिग्दर्शकानं वाढवायचा असतो. सगळे खोळंबलेले, आणि जयवंती दारापाशी बाजूला उभी. म्हणाली, दुसऱ्या कोणाला तरी सांगा, मला सुतक आहे.

तिथले सर जवळ आले. "अरेरे, कोण गेलं?"

"काका."

"सख्खे?"

"सख्खे," जयवंती म्हणाली.